युजर्सची यादी म्हणजे बॅकअप नाही: ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली खाती कशी जपायची



या आठवड्याच्या व्हिडिओत विंडोज सर्व्हरवर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा बॅकअप लावून दाखवला आहे. क्लिक कुठे करायचं ते व्हिडिओत दिसतं. ते का करायचं आणि नाही केलं तर काय होतं, हे मात्र सावकाश वाचण्याचं काम आहे, म्हणून हा लेख. कमांड जशाच्या तशा व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाकल्या आहेत. इथे त्या काय काम करतात एवढंच सांगतो.

हा धडा दोघांसाठी आहे. एक, ज्यांच्या ऑफिसात किंवा कारखान्यात वीस ते शंभर कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडलेले आहेत असे मालक. दुसरे, त्यांची एएमसी सांभाळणारे आपले टेक्निशियन. "युजर्सचा बॅकअप आहे का?" असं विचारलं की साधारण दोन उत्तरं येतात. "आहे ना, एक्सेलमध्ये सगळ्यांची यादी काढून ठेवली आहे." नाहीतर, "आमचे दोन सर्व्हर आहेत, एक गेला तर दुसरा आहे." दोन्ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात. पण खाती उडतात त्या दिवशी दोन्ही कामाला येत नाहीत. का, ते बघू.

१. डिरेक्टरीत नेमकं असतं काय?

ॲक्टिव्ह डिरेक्टरी मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० सर्व्हरबरोबर आणली. कंपनीचं मस्टर आणि किल्ल्यांचा बोर्ड एकाच ठिकाणी ठेवावा, तसं हे आहे. कोण कर्मचारी आहे, त्याचा पासवर्ड काय, तो कुठल्या ग्रुपमध्ये आहे, त्याला कुठलं फोल्डर उघडता येतं, कुठल्या प्रिंटरवर प्रिंट देता येते, या सगळ्याचा निर्णय इथून होतो. हे ज्या सर्व्हरवर चालतं त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात.

सगळी खाती एका डेटाबेस फाइलमध्ये असतात. तिचं नाव एनटीडीएस डॉट डीआयटी. ती साधारणपणे सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत असते. तिच्या जोडीला सिसव्हॉल नावाचं फोल्डर असतं. त्यात ग्रुप पॉलिसी आणि लॉगिन स्क्रिप्ट असतात. सर्व्हर चालू असताना ही फाइल सतत वापरात असते, त्यामुळे कॉपी-पेस्ट करून तिचा बॅकअप होत नाही. हे पहिलं लक्षात ठेवा.

२. नाव तेच, खातं वेगळं

संपूर्ण धड्याचा गाभा इथे आहे, त्यामुळे हा भाग घाईत वाचू नका.

बँकेत एखाद्याचं खातं बंद झालं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने, त्याच नावाने, त्याच सहीने नवं खातं उघडलं. जुन्या खात्यातली एफडी, लॉकर, चालू असलेले ईसीएस आपोआप नव्या खात्याला जोडले जातात का? नाही. कारण बँक नाव बघत नाही, खाते क्रमांक बघते.

विंडोजचंही तसंच आहे. प्रत्येक युजरला खातं उघडताना एक ओळख क्रमांक मिळतो. त्याला एसआयडी म्हणतात. फोल्डरची परवानगी देताना आपण यादीतून नाव निवडतो, पण आत नोंद होते ती या एसआयडीची. एकदा दिलेला एसआयडी दुसऱ्या खात्याला पुन्हा दिला जात नाही.

आता समजा अकाउंट्सच्या मॅडमचं खातं चुकून डिलीट झालं, आणि कोणीतरी दोन मिनिटांत त्याच नावाने नवं उघडून दिलं. लॉगिन होईल. पण:

– सर्व्हरवरचं पगाराचं फोल्डर उघडणार नाही. परवानगीच्या यादीत त्यांच्या नावाच्या जागी "अकाउंट अननोन" आणि एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसेल. तो आकडा म्हणजे त्यांचा जुना एसआयडी.
– त्यांच्या पीसीवर कोरा डेस्कटॉप येईल, कारण प्रोफाइलही एसआयडीला बांधलेली असते. जुन्या फाइल्स डिस्कवर असतात, पण दुसऱ्याच्या नावावर असल्यासारख्या.
– विंडोजमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि विंडोजच्या एन्क्रिप्शनने कुलूपबंद केलेल्या फाइल्स नव्या खात्याला उघडता येणार नाहीत.
– सगळे ग्रुप पुन्हा एकेक करून जोडावे लागतील. आणि ते कुठले होते हे आठवावं लागेल.

एका खात्याला हे निस्तरायला तासभर जातो. एका चुकीच्या क्लिकने अख्खं "फॅक्टरी" नावाचं ऑर्गनायझेशनल युनिट उडालं आणि त्यात ४० खाती होती, तर? हिशेब करा. ४० माणसं, माणशी रोज ८०० रुपये धरले तरी एका दिवसाचे ३२,००० रुपये बसून दिलेले. डिस्पॅच थांबलं, ई-वे बिल निघालं नाही, गाडी गेटवर उभी राहिली, त्याचा हिशेब वेगळाच. बॅकअपसाठी लागणाऱ्या दोन एक्सटर्नल हार्ड डिस्क त्यापेक्षा स्वस्त पडतात.

३. एक्सेलची यादी काय देते, काय देत नाही?

सीएसव्हीडीई, एलडीआयएफडीई किंवा पॉवरशेल वापरून युजर्सची यादी फाइलमध्ये काढता येते. जरूर काढा. कोण कुठल्या विभागात, कोणाचा ईमेल काय, कोण कुठल्या ग्रुपमध्ये हे बघायला ती उपयोगी पडते. महिन्यातून एकदा प्रिंट काढून फाइलला लावली तरी चालेल.

पण त्या यादीत पासवर्ड येत नाहीत. एसआयडी लिहिलेला आला तरी तो नव्या खात्याला देता येत नाही. म्हणजे यादीवरून तुम्ही खाती नव्याने तयार करू शकता, जुनी परत आणू शकत नाही. घर पडल्यावर भाडेकरूंची यादी हातात असावी, तसं. कोण राहत होतं ते कळतं, सामान मिळत नाही.

४. दोन सर्व्हर आहेत, मग काळजी कसली?

दोन डोमेन कंट्रोलर असणं चांगलंच. एकाचा मदरबोर्ड गेला तर दुसरा लॉगिन चालू ठेवतो. पण हे दोघे सतत एकमेकांशी बोलत असतात. एकावर नवं खातं उघडलं की थोड्या वेळात दुसऱ्यावर दिसतं. तसंच एकावर डिलीट केलं की दुसऱ्यावरूनही जातं. दुसरा सर्व्हर चांगली गोष्ट आणि चूक सारख्याच इमानदारीने उतरवून घेतो.

मोठं उदाहरण हवं असेल तर मर्स्कचं घ्या. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर जगभर पसरलं आणि मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीचं नेटवर्क आडवं झालं. आपल्या न्हावा शेव्याला जेएनपीटीत त्यांच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं कामही त्यात अडकलं होतं. कंपनीचे जगभरात सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते, सगळे एकमेकांची नक्कल ठेवणारे. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब होता. सगळे एकदम जातील हे धरलेलंच नव्हतं, आणि नेमकं तेच झालं.

वाचला तो फक्त एक, आफ्रिकेत घानामधला. कारण हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता! तिथलं इंटरनेट इतकं संथ की डेटा पाठवणं शक्य नव्हतं. शेवटी तो डेटा माणसाच्या हातून, विमानाने, नायजेरियामार्गे इंग्लंडला नेला. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने बसवावे लागले.

आपण लाईट गेली की वैतागतो. तिथे लाईट गेल्यामुळे डिरेक्टरी वाचली. यातून घ्यायचं ते एवढंच की एक प्रत अशी हवी जी वायरीने कशालाच जोडलेली नाही. तेवढी अजस्र कंपनी नशिबावर वाचली. आपण हे ठरवून करू शकतो.

५. आधी साधी खबरदारी: चूक झालीच तर झेलायला जाळी

बॅकअपकडे जाण्याआधी तीन गोष्टी आजच करा. पैसे लागत नाहीत.

*पहिली:* नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं लगेच डिलीट करू नका, डिसेबल करा. तीन-चार महिने तसंच ठेवा. लॉगिन बंद होतं, पण एसआयडी, ग्रुप सगळं जागेवर राहतं.

*दुसरी:* खात्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑब्जेक्ट टॅबवर "प्रोटेक्ट ऑब्जेक्ट फ्रॉम ॲक्सिडेंटल डिलीशन" अशी टिक असते. टॅब दिसत नसेल तर व्ह्यू मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर्स सुरू करा. नवीन ऑर्गनायझेशनल युनिट बनवताना ही टिक सहसा आपोआप लागलेली असते, युजरला नसते. महत्त्वाच्या खात्यांना हाताने लावा.

*तिसरी:* रिसायकल बिन सुरू करा. डेस्कटॉपवरचा नव्हे, डिरेक्टरीचा. ही सोय विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून आहे आणि सर्व्हर २०१२ पासून माऊसने करता येते. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटर उघडा, डावीकडे डोमेन निवडा, उजवीकडे "एनेबल रिसायकल बिन". फॉरेस्टची फंक्शनल लेव्हल किमान २००८ आर२ हवी. एकदा सुरू केलं की बंद करता येत नाही, पण बंद करायचं कारणही पडत नाही.

यानंतर डिलीट झालेलं खातं "डिलीटेड ऑब्जेक्ट्स" मध्ये मिळतं. राइट क्लिक, रिस्टोर. तेच खातं, तोच एसआयडी, तोच पासवर्ड, ग्रुपसकट परत. अख्खं युनिट उडालं असेल तर आधी युनिट रिस्टोर करा, मग आतले युजर्स. क्रम चुकला तर एरर येते.

मर्यादाही ऐका. रिसायकल बिन सुरू करण्याआधी जे उडालं ते यातून येत नाही. खातं डिलीट न होता कोणी त्याची माहिती बिघडवली, उदाहरणार्थ ५० जणांना चुकीच्या ग्रुपमधून काढलं, तर ते इथून पूर्ववत होत नाही. आणि सर्व्हरच जळाला तर बिनही त्याच्याबरोबर गेला. म्हणून पुढचा भाग.

६. खरा बॅकअप: सिस्टीम स्टेट

डिरेक्टरीचा बॅकअप घ्यायचा म्हणजे डोमेन कंट्रोलरचा "सिस्टीम स्टेट" घ्यायचा. त्यात तो डेटाबेस, सिसव्हॉल, रजिस्ट्री, बूट फाइल्स हे सगळं एकाच क्षणाचं, एकमेकांशी जुळणारं येतं. त्यासाठी लागणारं विंडोज सर्व्हर बॅकअप हे साधन सर्व्हरमध्येच मिळतं, वेगळं विकत घ्यायची गरज नाही.

पायऱ्या अशा:

१. सर्व्हर मॅनेजरमध्ये "ॲड रोल्स अँड फीचर्स" मधून विंडोज सर्व्हर बॅकअप हे फीचर टाका.
२. वेगळी डिस्क जोडा. सी ड्राइव्ह ज्या डिस्कवर आहे तिथेच बॅकअप ठेवण्यात अर्थ नाही.
३. बॅकअप शेड्यूलमध्ये "कस्टम" निवडा आणि "बेअर मेटल रिकव्हरी" वर टिक करा. ही टिक केली की सिस्टीम स्टेट आपोआप त्यात येतो. नुसता सिस्टीम स्टेट त्याच सर्व्हरवर परत चढवायला ठीक असतो, पण सर्व्हरच गेला तर नव्या मशीनवर उभं राहायला बेअर मेटल लागतो.
४. वेळ रात्रीची, रोज.
५. दुसऱ्या दिवशी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बॅकअपच्या लॉगमध्ये इव्हेंट ४ आला का बघा. तो आला म्हणजे बॅकअप यशस्वी.

दोन खाचखळगे सांगून ठेवतो. विझार्डमध्ये "बॅकअपसाठी राखीव डिस्क" निवडली की ती डिस्क फॉरमॅट होते, आधीचा डेटा जातो. आणि जागा म्हणून नेटवर्कवरचं शेअर फोल्डर दिलं तर तिथे फक्त शेवटचा बॅकअप राहतो, नवा आला की जुना पुसला जातो. सोमवारी खाती बिघडली आणि बुधवारी लक्षात आलं, तर तुमच्याकडे बिघडलेल्याचाच बॅकअप असेल. म्हणून डिस्कच बरी.

व्हर्च्युअल मशीन असेल तर काही जण स्नॅपशॉटवर भागवतात. स्नॅपशॉट त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर असतो, हे विसरू नका. शिवाय सर्व्हर २०१२ च्या आधीचा डोमेन कंट्रोलर स्नॅपशॉटवरून मागे नेला की इतर सर्व्हरशी त्याचा हिशेब जुळत नाही आणि तो गुपचूप बिघडतो.

७. डिस्क कुठे ठेवायची, कोणाकडे?

दोन डिस्क घ्या. एक जोडलेली, दुसरी कपाटात, तीही शक्यतो दुसऱ्या इमारतीत. दर आठवड्याला अदलाबदल. रॅन्समवेअर आलं तर ते जोडलेल्या डिस्कला सोडत नाही, कपाटातल्या डिस्कपर्यंत पोहोचू शकत नाही.

पण ही डिस्क म्हणजे तिजोरीची किल्ली आहे. तिच्यात कंपनीतल्या प्रत्येकाच्या पासवर्डचे हॅश असतात. ज्याच्या हाती ती लागेल तो घरी बसून ते फोडत बसू शकतो. त्यामुळे डिस्कला बिटलॉकर लावा, कपाटाला कुलूप लावा आणि डिस्क कोणी नेली-आणली याची नोंद वहीत ठेवा. बिटलॉकरची रिकव्हरी की त्याच डिस्कवर किंवा त्याच सर्व्हरवर ठेवू नका, कागदावर ठेवा.

८. बॅकअपलाही एक्सपायरी असते

खातं डिलीट झालं की डिरेक्टरी त्याची खूण काही काळ ठेवते, म्हणजे बाकी सर्व्हरना ते डिलीट झाल्याचं कळतं. या मुदतीला टूम्बस्टोन लाइफटाइम म्हणतात. सर्व्हर २००३ एसपी१ पासून पुढे नव्याने उभारलेल्या डिरेक्टरीत ती १८० दिवस असते. त्याहून जुन्या, नंतर अपग्रेड करत आणलेल्या डिरेक्टरीत ती अजून ६० दिवसच असू शकते.

त्या मुदतीपेक्षा जुना बॅकअप डिरेक्टरीसाठी वापरायचा नसतो. दिवाळीला घेतलेला बॅकअप पुढच्या गणपतीला चालणार नाही. बरेच दिवस बॅकअप झाला नाही तर सर्व्हर स्वतःच डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये इव्हेंट २०८९ टाकून तक्रार करतो. एएमसीच्या व्हिजिटला गेलात की हा इव्हेंट शोधायची सवय लावा. ग्राहकाने न विचारता तुम्ही हे दाखवलंत, तर पुढच्या वर्षीचं काँट्रॅक्ट मागावं लागत नाही.

९. परत आणायचं कसं?

डिरेक्टरी चालू असताना तिच्यावर बॅकअप चढवता येत नाही. सर्व्हर डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोर मोडमध्ये सुरू करावा लागतो. त्याचा पासवर्ड वेगळा असतो. सर्व्हरला डोमेन कंट्रोलर बनवताना तो टाकलेला असतो आणि पुढे सगळे विसरतात. सर्व्हर चालू आहे तोवर एनटीडीएसयुटिलने तो बदलता येतो. आजच बदला, कागदावर लिहा, पाकिटात घालून मालकाच्या तिजोरीत ठेवा.

एकच डोमेन कंट्रोलर असेल तर सिस्टीम स्टेट रिस्टोर केला की डिरेक्टरी बॅकअपच्या दिवसावर जाते. त्यानंतर उघडलेली खाती आणि बदललेले पासवर्ड जातात. बॅकअप महिन्याहून जुना असेल तर काही पीसी "ट्रस्ट रिलेशनशिप" ची एरर देतात आणि ते डोमेनला पुन्हा जोडावे लागतात, कारण पीसीही साधारण ३० दिवसांनी स्वतःचा गुप्त पासवर्ड बदलत असतो. रोजचा बॅकअप का, याचं हे उत्तर.

दोन किंवा जास्त असतील तर एक पायरी वाढते. नुसतं रिस्टोर करून सर्व्हर चालू केलात तर दुसरा सर्व्हर म्हणेल, "ही खाती तर डिलीट झाली आहेत," आणि ती पुन्हा उडवेल. म्हणून रिस्टोर झाल्यावर, त्याच मोडमध्ये, सर्व्हर साधा चालू होऊ देण्याआधी, एनटीडीएसयुटिलमध्ये "ऑथॉरिटेटिव्ह रिस्टोर" करून सांगायचं असतं की हे युनिट माझ्याकडचं खरं धरा. त्या खात्यांचा व्हर्जन नंबर मोठा केला जातो आणि दुसरा सर्व्हर ते मान्य करतो. ग्रुपमधलं सदस्यत्व परत आलं का ते शेवटी तपासा. त्यासाठी हेच साधन एक एलडीएफ फाइल बनवून देतं, ती एलडीआयएफडीईने आत घ्यायची. व्हिडिओत हा भाग मुद्दाम सावकाश घेतला आहे.

१०. तालीम

बॅकअप रोज होतोय आणि तो परत येतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी फक्त करून बघितल्यावर कळते. तीन महिन्यांतून एकदा एखादा रिकामा पीसी किंवा व्हर्च्युअल मशीन घ्या. डिस्क मूळ सर्व्हरच्या डिस्कएवढी किंवा मोठी हवी. *नेटवर्कची वायर काढून ठेवा*, नाहीतर एकाच नावाचे दोन डोमेन कंट्रोलर समोरासमोर येतील. विंडोज सर्व्हरच्या पेन ड्राइव्हने बूट करा, रिपेअरमध्ये जाऊन सिस्टीम इमेज रिकव्हरी चालवा. जुन्या पीसीवर ड्रायव्हरची थोडी कटकट होऊ शकते, तीही आजच कळलेली बरी. लॉगिन झालं, युजर्स दिसले, की किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मालकाला सांगायचा आकडा तोच: "सर्व्हर गेला तर इतक्या तासांत उभा करतो." काम झालं की त्या पीसीची डिस्क पूर्ण पुसा, तिच्यातही सगळ्यांचे हॅश आहेत.

या आठवड्याचा गृहपाठ

– रिसायकल बिन चालू आहे का? नसेल तर चालू करा.
– शेवटचा यशस्वी बॅकअप कोणत्या तारखेचा?
– एक डिस्क वायर काढून कपाटात आहे का?
– रिस्टोर मोडचा पासवर्ड पाकिटात आहे का, आणि पाकीट कुठे आहे हे दोन माणसांना माहीत आहे का?
– शेवटची तालीम कधी झाली?

पाचही उत्तरं एका कागदावर लिहून सर्व्हरच्या रॅकला चिकटवा. एखादं उत्तर रिकामं राहिलं तर कामाला तिथून सुरुवात करा.

ज्यांच्याकडे सर्व्हर नाही, सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे, त्यांनीही निर्धास्त राहू नये. तिथे डिलीट केलेला युजर ३० दिवसांपर्यंत परत मिळतो, पुढे नाही. तो विषय आपण पुढच्या व्हिडिओत घेऊ. तोवर अडलं तर व्हिडिओखाली लिहा. सर्व्हरचं व्हर्जन आणि डोमेन कंट्रोलर किती, एवढं सांगितलंत की उत्तर देणं सोपं जातं.